मुंगूस कुणाकडचं

उज्जैनला लोक महाकालाच्या दर्शनाला जातात. मी मुंगसासाठी गेले. साताऱ्यात हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे दयेनं बघितलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पाच दिवसांनी परत येते." त्याला सवय आहे.

वडील बँकेत होते आणि त्यांची बदली उज्जैनला झाली, म्हणून माझं बी.एस्सी. तिथं झालं. प्राणिशास्त्र शिकवायला मोघे बाई होत्या. मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या उज्जैनला राहिलेल्या घराण्यातल्या. वाघ-सिंहांशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो लहानसहान मांसाहारी जनावरांत. मुंगूस, उदमांजर, पाणमांजर, असली मंडळी. बाई सांगायच्या की ही सगळी दिसायला एकसारखी, लांबट अंगाची, आखूड पायांची, पण लग्नाच्या मांडवासारख्या त्यांच्यात दोन बाजू आहेत. काही मांजराकडची आणि काही कुत्र्याकडची. करोडो वर्षांपूर्वी ही दोन घरं वेगळी झाली. पाणमांजराच्या नावात मांजर आहे, पण ते कुत्र्याकडचं. मुंगूस कुणालाही वाटेल वीझलचं भावंड. वीझल म्हणजे हिमालयाकडचं एक बारकं, चपळ, उंदीरखाऊ जनावर. पण मुंगूस पडलं मांजराकडचं. अंगकाठीवर जायचं नाही, कानामागचं हाड बघायचं. मांजराकडच्यांना त्या हाडाच्या फुग्यात आत एक पडदा असतो, कुत्र्याकडच्यांना नसतो. मुंगसाच्या कवटीत तर बाहेरूनही दोन फुगे दिसतात, मधे नख बसेल एवढी खळगी.

हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी नव्हतं. टेबलावर सहा कवट्या होत्या, तीन-तीनच्या दोन बाजू लावायच्या होत्या. मी मुंगूस उचललं आणि वीझलच्या शेजारी ठेवलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा बघ." मी एकोणीस वर्षांची, वर्गात पहिली येणारी. म्हटलं, "बघितलं, बाई." बाई पुढच्या मुलीकडे गेल्या.

बाईंनी जन्मात कुणाला शाबास म्हटलं नाही. त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे नाकातून काढलेला एक "हं." वर्गातल्या ठोंब्यांनाही तो मिळाला. मला मिळाला नाही. पुढं मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, नातवंडं झाली, पण तो हं काही डोक्यातून गेला नाही.

दिवाळीत बाईंच्या सुनेचा, माधुरीचा, फोन आला. जानेवारीत बाईंना ऐंशी पूर्ण होतील आणि नजर जाते आहे. "ताई, रंग कळतात त्यांना, पण आकार बिलकुल नाही कळत. माझा चेहरापण नाही. साडीवरून ओळखतात मला. डॉक्टर बोलले की रंगसुद्धा किती दिवस, सांगता येत नाही."

फोन ठेवला आणि मला भूत चढलं. उज्जैनजवळचं भैरवगढ लाकडी ठप्प्यांनी कापड छापण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपण बाईंचा मांडव कापडावर छापायचा. मधे एक झाड, त्याला दोन मोठ्या फांद्या, सहा जनावरं. मांजराकडची लाल, कुत्र्याकडची काळी. आकार दिसले नाहीत तरी दोन रंग दिसतील, आपलं आयुष्यभराचं काम समोर टांगलेलं आहे हे बाईंना कळेल. आणि मुंगूस या खेपेला बरोबर जागी बसेल. रंग दिसताहेत तोवरच हे करायला हवं होतं. मी चित्रं काढली, भैरवगढला छापकाम करणाऱ्या रशीदभाईंना फोनवर पाठवली आणि जानेवारीचं तिकीट काढलं.

मंगळवार, फ्रीगंज

गाडीतून उतरले ती थेट पोह्यांवर. आपल्याकडे पोहे म्हणजे कोणी आलं की करायची गोष्ट. इथं तो सकाळचा विधी आहे, अंघोळ राहील एक वेळ. पोहे वाफेवर ठेवलेले, त्यात बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, आणि जिरावण नावाचा एक मसाला, जो इथले लोक बहुधा दुधातसुद्धा घालत असावेत. शेजारी जिलेबी. पोहे नि जिलेबी एका घासात खातात. साताऱ्यात मी हे कुणाला करताना पाहिलं असतं तर वैद्याकडे नेलं असतं. इथं दोन प्लेटी खाल्ल्या आणि तिसरी बांधून घेतली.

फ्रीगंजमधल्या घरी बाई अंगणात उन्हात बसल्या होत्या. तसाच ताठ कणा, तसाच घट्ट अंबाडा. मी पाया पडले. त्यांनी मान थोडी तिरकी करून, कडेच्या नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"पिवळी साडी आणि जिलेबीचा वास. कोण?"

"सुनंदा. सुनंदा कर्वे, बाई. लग्नानंतर पाटील."

"साताऱ्याची. बस. जाड झालीस का?"

"तुम्हाला आकार दिसत नाही असं माधुरी म्हणाली."

"आवाजावरून कळतं," बाई म्हणाल्या.

जुन्या गोष्टी निघाल्या, प्रॅक्टिकलची मात्र निघाली नाही. मी काढली नाही आणि बाईंनीही नाही. का आलीस असं विचारल्यावर मी महाकालाचं नाव पुढं केलं. बाईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

बुधवार, भैरवगढ

रिक्षावाल्यानं वाटेत असा करकचून ब्रेक लावला की माझं डोकं पुढच्या नळीवर आपटलं. रस्त्यावरून एक मुंगूस चाललं होतं, अगदी घाई नसल्यासारखं. मधे थांबून त्यानं आमच्याकडे मान वळवली आणि मग काटेरी झुडपात शिरलं.

"नेवला दिख गया मैडम, आपका काम हो गया समझो," रिक्षावाला म्हणाला.

आपल्याकडेही तेच. लहानपणी आम्ही मुंगसाला तोंड दाखव म्हणून विनवायचो, त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला. मी टेंगूळ चोळत मनातल्या मनात नाचले. याहून स्पष्ट शकुन कुठला मिळणार होता?

रशीदभाई साठीचे, बुटके, दाढीला मेंदी. त्यांच्या कारखान्यात शिरलं की आंबूस वास येतो. तो लोखंडाचं भंगार आणि गूळ घालून आंबवलेल्या पाण्याचा, त्यातून काळा रंग निघतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग त्यावर हे लोखंडाचं पाणी टेकलं की तिथल्या तिथं काळं होतं. लाल रंगाची तऱ्हा वेगळी. फिटकरीच्या, म्हणजे तुरटीच्या, खळीनं छापतात, ती छाप कापडावर जेमतेम दिसते, आणि पुढं कापड रंगाच्या कढईत उकळलं की लाल उमटतो.

भिंतीवर फळ्यांत शेकडो ठप्पे लावलेले होते. मी विचारलं, हे कशाच्या हिशोबानं लावलेत? रशीदभाईंनी दाखवलं, गोल गोलांत, लांब लांबांत, कोयऱ्या एका फळीवर, पानं एका फळीवर. कोणत्या गिऱ्हाइकाचा, कोणत्या रंगाचा, असला काही हिशोब नाही. "शकल से रखते हैं. हाथ सीधा वहीं जाता है." मी म्हटलं, वा. आणि त्यात काय दडलंय ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

माझी सहा जनावरं कोरून तयार होती. रानमांजर, उदमांजर, मुंगूस. चांदी अस्वल, जे नावापुरतंच अस्वल, पाणमांजर, वीझल. काय सुंदर कोरली होती. मुंगसाच्या शेपटीचा एकेक केस वेगळा. मी ठप्पे हातात घेऊन बघतच बसले आणि ओल्या हातांनी बघत बसले. आधी हिरड्याच्या हौदात हात घातले होते, "बघू तरी" म्हणून. मग लोखंडाच्या पाण्याच्या तसराळ्यात तेच हात बुडवले, तेही "बघू तरी" म्हणून. पुढच्या मिनिटाला माझे दोन्ही पंजे कोळशासारखे काळे.

"मैडम," रशीदभाई शांतपणे म्हणाले, "ये तो अब आठ दिन रहेगा."

जायच्या आधी मी सहा ठप्प्यांच्या मुठींना दोरे बांधले. तिघांना लाल, तिघांना काळे, म्हणजे कुठला ठप्पा कुठल्या रंगात बुडवायचा यात घोळ नको. चित्राचा कागद भिंतीला टाचला. शिक्षिकेची जात, तीनदा समजावून सांगितलं. रशीदभाईंनी तीनदा मान हलवली.

संध्याकाळी बाईंकडे गेले. हात पदराखाली, पाया पडताना मात्र बाहेर आले.

"हात काळे का झाले तुझे?"

मी दचकले. माधुरीनं तोंडाला पदर लावला.

"टॉवर चौकात गराडू खाल्लं, बाई," मी म्हटलं. गराडू म्हणजे तळलेला कंद, लिंबू नि जिरावण मारून देतात.

"गराडूनं हात काळे होत नाहीत. हिरडा आणि लोखंडानं होतात," बाई म्हणाल्या. मी उठून लॉजवर गेले.

गुरुवार, पुन्हा भैरवगढ

सकाळी झाडाचं खोड आणि फांद्या माझ्यादेखत छापून झाल्या. रशीदभाई ठप्पा ठेवत आणि वरून मुठीनं एक धपका देत, त्या आवाजाला ताल होता. मग ते म्हणाले, आता तुम्ही जा, तुम्ही फार बोलता आणि माझा हात हलतो. मला राग आला. पण खरं होतं. माधुरीनं दाल-बाफले करून ठेवले होते, तिकडं गेले. बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तुपात बुचकळून काढलेला. दोन खाल्ले की माणूस उभं राहू शकत नाही. मी तीन खाल्ले आणि चार वाजेपर्यंत माधुरीच्या दिवाणावर पडून होते.

परत गेले तेव्हा कापड तारेवर वाळत होतं. काळी जनावरं झोकात उमटली होती. लाल व्हायची होती ती फिटकरीची जनावरं म्हणजे पिवळट कापडावर पिवळट डाग, माझ्या चष्म्यातून काही कळेना. एरवी छापलेलं कापड चार दिवस वाळू देतात, माझ्यासाठी एका रात्रीत उरकायचं होतं. उद्या बाईंचा वाढदिवस आणि परवा माझी गाडी. मी रशीदभाईंचे आभार मानून मानून त्यांना हैराण केलं.

शुक्रवार

सकाळी कापड कढईत गेलं. मी काठावर उभी, हातात पोह्यांचा द्रोण. हळूहळू लाल वर यायला लागला. आधी रानमांजराची पाठ आली, मग उदमांजराचं तोंड. शेजारी तिसऱ्या जागी एक लाल फूल आलं. फूल? मी फूल सांगितलंच नव्हतं. आणि मग पलीकडे, काळ्यांच्या फांदीवर, वीझलच्या समोर नाकाला नाक लावून बसलेलं, एकेक केस वेगळा असलेलं, लालभडक मुंगूस उमटलं.

माझ्या हातातला द्रोण खाली पडला. तो मात्र कढईत पडला नाही, एवढीच देवाची कृपा.

"रशीदभाई, ये क्या किया आपने? नेवला उधर क्यों?"

रशीदभाईंना प्रश्नच कळेना. त्यांनी मला अगदी प्रेमानं समजावलं. कपड्यावर जनावर एकटं बसवत नाहीत. मोर असो, हत्ती असो, जोडी लागते, आमनेसामने. मांजर-उदमांजराची जोडी झाली, चांदी अस्वल-पाणमांजराची झाली. हे दोघे लांबट राहिले, एकाच शकलेचे, जणू भाऊच. मग त्यांना समोरासमोर बसवलं. इकडची फांदी रिकामी राहिली, तिथं फूल घातलं, कारण रिकामी जागा वाईट दिसते. "आपके कागज में जोड़ी बिगड़ी हुई थी मैडम. मैंने सुधार दी."

"और रंग?"

"रंग तो धागे से. लाल धागा, लाल रंग. उसमें मैं गलती नहीं करता."

मी तिथंच ओट्यावर बसले. पस्तीस वर्षांपूर्वी मी जे केलं तेच या माणसानं केलं होतं, त्याच कारणानं, अंगकाठी बघून. फरक एवढाच, की माझं टेबलावर होतं आणि पाच मिनिटांत पुसलं गेलं. हे तीन मीटर पक्क्या रंगात होतं. मला रडू यायला लागलं आणि मधेच हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस कसं दिसतं ते रशीदभाईंच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. ते घाबरले. पुन्हा छापून देतो, तीन दिवस द्या, म्हणाले. माझ्याकडे एक संध्याकाळ होती.

बाईंच्या नजरेचं मी सांगितलं, तेव्हा निघताना त्यांनी फळीवरून मुंगसाचा ठप्पा काढला आणि माझ्या पिशवीत घातला. ठप्पा कारखान्याबाहेर जाऊ द्यायचा नाही असा त्यांचा नेम. "आँख नहीं है तो हाथ से देखेंगी. बोलना, रशीद ने नेवला ठीक बनाया है."

संध्याकाळी बाईंच्या खोलीत फक्त आम्ही तिघी. माधुरीला मी स्वयंपाकघरात सगळं सांगून टाकलं होतं. "टेन्शन नका घेऊ ताई," ती म्हणाली. "त्यांना आकार थोडीच दिसणार आहे? विचारलंच तर बोलून द्या, ते पण फूल आहे." खरं सांगते, मी बोलणार होते तसं. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

आम्ही कापड भिंतीवर टांगलं. बाईंना समोर खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, "बाई, हे तुमचं झाड. मांजराकडची लाल, कुत्र्याकडची काळी."

बाईंनी मान तिरकी केली. बराच वेळ त्या कडेच्या नजरेनं बघत राहिल्या, डावीकडून उजवीकडे. मग हात उचलून थेट बोट दाखवलं.

"काळ्यांत एक लाल कोण बसलंय?"

माधुरीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. फूल, फूल. बाईंच्या समोर खोटं बोलायला मी एकोणीस वर्षांची असतानाही धजले नव्हते, तेव्हा फक्त चुकले होते.

"मुंगूस," मी म्हटलं.

"वीझलच्या शेजारी?"

"हो, बाई."

"अगं, तेव्हाही तिथंच बसवलं होतंस."

आणि बाई हसायला लागल्या. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसल्या, माधुरीनं पाणी दिलं तर ते नाकात गेलं. मग मलाही आवरेना. मी रशीदभाईंच्या जोड्या, फूल, दोरे, सगळं सांगितलं, आणि बाई डोळे पुसत ऐकत होत्या. "शकलेवर ठेवलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "आणि रंग बरोबर दिला. बघ. बाहेरून कुत्र्याकडचं, आतून मांजराकडचं. मी वर्षभर फळ्यावर हे सांगायचे, तरी तुमच्या डोक्यात शिरायचं नाही."

मी त्यांच्या हातात ठप्पा दिला. बाईंची बोटं कोरीव रेघांवरून सावकाश फिरली. नाक, छोटा कान, पाठ, शेपटीचा एकेक केस. शेपटीच्या टोकाशी येऊन थांबली.

"हं," बाई म्हणाल्या.

तो रशीदभाईंना मिळाला, मला नाही. मी तरी धन्य झाले. म्हटलं, "बाई, मी बरोबर छापून दुसरं पाठवते. महिन्याभरात येईल. तीन लाल एकीकडे, तीन काळी एकीकडे."

"खबरदार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "पुन्हा बघ. तीन लाल एकीकडे असली तर मला तीन लाल डाग दिसतील. मांजर कुठलं, उदमांजर कुठलं, मला काय कळणार? काळ्यांचंही तेच. पण काळ्यांतलं लाल एकच आहे. सबंध कपड्यात मला ओळखू येणारं ते एकच जनावर, आणि ते तू हलवायला निघालीस?"

मी पुन्हा बघितलं. या वेळी नीट बघितलं.

मला साताऱ्याला येऊन आता दोन महिने झाले. हातांचा काळा रंग आठ नाही, पंधरा दिवस राहिला. परवा माधुरीचा फोन होता. कापड बाईंच्या पलंगासमोर लावलंय म्हणाली. मी विचारलं, रंग दिसतात का अजून?

"लाल दिसतो, ताई. काळं आता सगळं एक होऊन गेलं. पण रोज सकाळी उठल्या की आधी तिकडं बघतात आणि मला बोलतात, माधुरी, मुंगूस दिसलं. मग चहा मागतात."